परवानगी नाही, तरीही बिशप? आर्चबिशप थुक आणि त्यांच्यामागे वाढत गेलेली साखळी

मे २०२४ मध्ये उत्तर स्पेनमधल्या बेलोरादो गावच्या मठातून एक जाहीरनामा निघाला. तिथल्या धर्मभगिनींचं म्हणणं असं, की पोप पायस बारावे १९५८ मध्ये वारले, त्यानंतर रोमला खरा पोप मिळालेलाच नाही. सबब आम्ही रोमशी संबंध तोडतो. त्या गेल्या पाब्लो दे रोहास नावाच्या एका बिशपच्या छत्राखाली. त्या बिशपना कॅथलिक ख्रिस्तसभेने २०१९ मध्येच बहिष्कृत केलं होतं. जून संपता संपता दहा भगिनीही बहिष्कृत झाल्या, आणि थोड्याच दिवसांत त्यांचं त्या बिशपशीही फाटलं. चॉकलेटं करून विकणाऱ्या मठाचं हे भांडण स्पेनच्या टीव्हीला महिनोन्‌महिने पुरलं.

बातमी वाचणारा अडखळतो तो एका जागी. ज्याला पोपने नेमलं नाही, ज्याला धर्मप्रांत (बिशपच्या देखरेखीखालचा प्रदेश) नाही, ज्याला बाहेर काढलंय, तो बिशप कसा? उत्तर सोपं वाटतं: नाहीच. पण अशा बऱ्याच बिशपांबाबत खुद्द व्हॅटिकनही ‘हा बिशपच नव्हे’ असं म्हणत नाही. ते काहीतरी वेगळंच म्हणतं, आणि ते काय हे कळायला व्हिएतनामच्या एका आर्चबिशपांची हकिकत फार उपयोगी पडते.

बिशप लागतोच कशाला?

कॅथलिक परंपरेत दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत: उपदीक्षित (डीकन), धर्मगुरू म्हणजे आपण ‘फादर’ म्हणतो ते, आणि बिशप. फादर मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करू शकतात, बाप्तिस्मा देऊ शकतात. नवा फादर मात्र त्यांना करता येत नाही. ते काम बिशपचं. नवा बिशपही बिशपच करतो, डोक्यावर हात ठेवून आणि ठरलेली प्रार्थना म्हणून. या हातांची साखळी मागे नेत गेलं की येशूच्या प्रेषितांपर्यंत पोचते, असा विश्वास आहे.

त्यामुळे रोमशी भांडून निघालेल्या कुठल्याही गटापुढे एक रोकडी अडचण असते. आज सोबत आलेले फादर उद्या म्हातारे होणार. बिशप नसेल तर नवे फादर नाहीत, दृढीकरणाला (बाप्तिस्मा पक्का करणाऱ्या संस्काराला) लागणारं अभिषेकाचं तेलही नाही, आणि पन्नास वर्षांत मिस्सा करायला कुणी उरणार नाही. म्हणून असे गट सगळ्यात आधी बिशप शोधू लागतात.

वैध, पण बेकायदा

सगळी गुंतागुंत या दोन शब्दांत आहे. शेजारणीला न विचारता तिच्या घरातलं विरजण उचलून आणलं तरी आपल्या दुधाचं दही लागतंच. चोरी ती चोरीच, शेजारीण उंबऱ्यात पाऊल ठेवू देणार नाही तेही रास्त. पण दही लागलं हे नाकारता येत नाही. कॅथलिक शिकवणीत दीक्षेचं असंच आहे. दीक्षा देणारा खरा बिशप असेल, घेणारा बाप्तिस्मा झालेला पुरुष असेल, हात ठेवणं आणि प्रार्थना रीतसर झाली असेल, आणि ख्रिस्तसभा जे करते तेच करण्याचा हेतू असेल, तर दीक्षा लागू होते. ती वैध. पोपची परवानगी नसेल तर ती बेकायदा. एकच कृती एकाच वेळी दोन्ही असू शकते.

ही भानगड कुणी मुद्दाम निर्माण केली नाही. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत डोनाटिस्ट नावाचा गट म्हणत होता, की छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंनी दिलेले संस्कार फुकट. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी त्याला विरोध केला. संस्कार ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्या माणसाच्या लायकीवर तो अवलंबून नाही. सामान्य भाविकाच्या दृष्टीने हे मोठंच आश्वासन होतं: फादर कसा का असेना, माझ्या लेकराचा बाप्तिस्मा खरा. पण याच तत्त्वाची दुसरी बाजू अशी, की एकदा दिलेली बिशपपदाची दीक्षा पुसता येत नाही. पोप बिशपला पदावरून काढू शकतो, बहिष्कृत करू शकतो; त्याच्या हातातली ती शक्ती मात्र परत घेऊ शकत नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चचा कल वेगळा आहे. ख्रिस्तसभेच्या बाहेर झालेला विधी त्यांच्या दृष्टीने बहुधा पोकळच. त्यामुळे एकटेदुकटे फिरणारे बिशप पिकले ते मुख्यतः पश्चिमेत.

मग आळा कसा घालायचा? शिक्षेने. पोपच्या आदेशपत्राशिवाय कुणालाही बिशप करू नये, हा नियम आहे. चीनमध्ये कम्युनिस्ट सरकार आपल्या मर्जीतले बिशप उभे करील या धास्तीने १९५१ मध्ये रोमने शिक्षा वाढवली: दीक्षा देणारा आणि घेणारा, दोघेही त्या क्षणी आपोआप बहिष्कृत. बहिष्कृत म्हणजे धर्मातून नाव कापलं असं नव्हे. बाप्तिस्मा राहतोच, पण संस्कार घेता येत नाहीत, देण्याची मुभा नाही, पद नाही.

हुएचे आर्चबिशप

पिएर मार्तिन न्गो दिन्ह थुक यांचा जन्म १८९७ मध्ये व्हिएतनामची जुनी राजधानी हुए इथला. घराणं पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक, वडील राजदरबारात मोठ्या हुद्द्यावर. शिक्षण रोमला. १९२५ मध्ये फादर, १९३८ मध्ये विन्ह लाँगचे बिशप. बिशप झालेले ते तिसरेच व्हिएतनामी. तोवर तिथले बिशप बहुतेक युरोपातून आलेले असत. १९६० मध्ये ते हुएचे आर्चबिशप झाले. कारकीर्द कुठेही बंडखोराची नाही, उलट सरळ प्रस्थापिताची आहे.

प्रस्थापित शब्द मी जपून वापरतोय, कारण त्यांचे धाकटे भाऊ न्गो दिन्ह दिएम दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष होते. दुसरा भाऊ न्हू सत्तेमागचा मेंदू, आणखी एक भाऊ कान मध्य व्हिएतनाम हाताखाली ठेवून होता. देश बहुसंख्य बौद्ध, आणि सत्ता एका कॅथलिक कुटुंबात. मे १९६३ मध्ये थुक यांच्या बिशपपदाला पंचवीस वर्षं झाली. त्या सोहळ्यात हुएमध्ये व्हॅटिकनचे झेंडे फडकले. काहीच दिवसांत बुद्धजयंतीला मात्र सरकारने बौद्ध झेंड्यांवर बंदीचा नियम दाखवला. ८ मे रोजी हुएच्या रेडिओ केंद्राबाहेर जमलेल्या निदर्शकांपैकी काही जण मारले गेले, आणि देश पेटला. आर्चबिशपांचे भक्त हा भाग भरभर उरकतात. ते बरोबर नाही. झेंड्यांचा हुकूम त्यांनी काढला नसेल, पण त्या सत्तेची ऊब त्यांनी घेतली होती.

तेव्हा व्हॅटिकनची दुसरी महासभा, म्हणजे जगभरच्या बिशपांची बैठक, चालू होती आणि थुक तिच्यासाठी रोमला गेले. ते तिकडे असतानाच २ नोव्हेंबर १९६३ रोजी लष्करी उठावात दिएम आणि न्हू यांना ठार करण्यात आलं. पुढच्या वर्षी कानला गोळ्या घातल्या. थोरले खोई १९४५ मध्येच कम्युनिस्टांच्या हातून गेले होते. सहा भावांपैकी चार असे संपले. नव्या राज्यकर्त्यांनी थुक यांना परत येऊ दिलं नाही. १९६८ मध्ये त्यांनी हुएचा राजीनामा दिला आणि रोमने त्यांना ‘बुला रेजिया’ या गावाचे नामधारी आर्चबिशप केलं. बिशपला कुठलं तरी गाव जोडलेलं असावंच लागतं, म्हणून कधीकाळी नांदलेली, आता माणूस नसलेली जुनी गावं अशा कामी वापरतात. हे गाव म्हणजे ट्युनिशियातले रोमन अवशेष. डोनाटिस्टांचा वाद जिथे पेटला त्याच उत्तर आफ्रिकेतले. योगायोगच, पण तो सोडवत नाही.

पुढची काही वर्षं हा माणूस इटलीत, आर्पिनोसारख्या डोंगराळ गावात, साध्या फादरला मदत करत राहिला. सत्तरी ओलांडलेला, देश नाही, घर नाही, धर्मप्रांत नाही, पैसा बेताचा. आणि डोळ्यांदेखत मिस्सा बदललेली. १९६९ मध्ये पोप सहावे पॉल यांनी नवा मिस्साविधी मंजूर केला, लॅटिनच्या जागी लोकांच्या भाषा आल्या. वसईत आज मराठीत आणि गोव्यात कोकणीत मिस्सा होते ती त्याच बदलामुळे. आपल्याकडे त्याला फारसं कुणी नाक मुरडलं नाही. युरोप-अमेरिकेतल्या काहींना मात्र तो बापजाद्यांच्या धर्माचा शेवट वाटला. अशांना परंपरावादी म्हणतात. त्यांच्यातला सर्वांत टोकाचा गट म्हणतो, की अशी मिस्सा देणारा पोप पोप असूच शकत नाही. संत पेत्राचं, म्हणजे पोपचं, आसन रिकामं आहे. या गटाला आपण रिक्तासनवादी म्हणू.

पाल्मारचे पाच बिशप

१९७५ च्या नाताळच्या सुमारास एक स्विस धर्मगुरू थुक यांच्या दारात आला. स्पेनमध्ये सेव्हिलजवळ पाल्मार दे त्रोया इथे पवित्र मरिया दर्शन देते, आणि तिला तुमच्याकडून एक सेवा हवी आहे, असा निरोप. आर्चबिशप गेले. ११ जानेवारी १९७६ रोजी त्यांनी तिथे पाच जणांना बिशप केलं. त्यांतला क्लेमेंते दोमिंगेझ हा दर्शनं झाल्याचं सांगणारा साधा कारकून होता. जेमतेम दहा दिवसांपूर्वी तो फादर झाला होता.

धर्मशास्त्रात पदव्या घेतलेल्या माणसाने हे का केलं? भोळेपणा, म्हातारपण, एकटेपण, सगळी उत्तरं दिली गेली आहेत. मला वाटतं, बारा वर्षं ज्याला कुणी काही मागितलं नव्हतं, त्याच्याकडे कुणीतरी काहीतरी मागत आलं, हे कारण यात मोठं असावं.

रोमने सगळ्यांना बहिष्कृत केलं. थुक यांनी पश्चात्ताप व्यक्त केला आणि त्याच वर्षी त्यांच्यावरचा बहिष्कार उठला. पण सप्टेंबर १९७६ च्या फर्मानातलं एक वाक्य कळीचं आहे. आशय असा: या दीक्षांच्या वैधतेचं काहीही असो, ख्रिस्तसभा त्यांना मानत नाही आणि मानणार नाही, या व्यक्ती पूर्वी ज्या दर्जाच्या होत्या त्याच दर्जाच्या समजल्या जातील. म्हणजे वैधतेचा प्रश्न रोमने सोडवला नाही, बाजूला सारला. सुरुवातीला म्हटलेलं ‘काहीतरी वेगळंच’ ते हेच, आणि या फर्मानाशिवाय बेलोरादोची बातमी उमगायची नाही.

पाल्मारचं पुढे काय झालं? तिथल्या बिशपांनी धडाधड आणखी बिशप केले. क्लेमेंतेची अपघातात दृष्टी गेली, आणि १९७८ मध्ये पोप सहावे पॉल वारताच त्याने स्वतःलाच पोप घोषित केलं, सतरावा ग्रेगरी या नावाने. तो २००५ मध्ये वारला. त्याच्या गादीवर बसलेल्यांपैकी एकाने २०१६ मध्ये गादी सोडून लग्न केलं. पंथ अजून चालू आहे.

तुलाँमधलं घर

एवढ्याने माणूस शहाणा झाला असता. पण थुक फ्रान्सच्या तुलाँ शहरात राहायला गेले आणि १९८१ मध्ये पुन्हा तेच केलं. या वेळी समोर कारकून नव्हता. मे महिन्यात त्यांनी गेरार दे लोरिए या डॉमिनिकन संघातल्या पंडिताला बिशप केलं. रोमच्या विद्यापीठात प्राध्यापकी केलेला, नव्या मिस्सेवरच्या पहिल्या गाजलेल्या टीकापत्रामागचा हा माणूस. त्याचा सिद्धांत बारीक आहे: पोप निवडून आलेला आहे, आसनावर बसलेला आहे, पण अधिकार त्याच्यात उतरलेला नाही. ऑक्टोबरमध्ये आकापुल्कोचे फादर मोइसेस कार्मोना आणि त्यांचे सहकारी अदोल्फो सामोरा, या दोघा मेक्सिकनांना दीक्षा मिळाली. ना कॅथीड्रल, ना गर्दी; खाजगी जागेत, मोजक्या साक्षीदारांसमोर. फेब्रुवारी १९८२ मध्ये म्युनिकमधून थुक यांनी जाहीरही करून टाकलं, की रोमचं आसन रिकामं आहे.

मार्च १९८३ मध्ये रोमने पुन्हा बहिष्कार जाहीर केला. थुक अमेरिकेत गेले, काही काळ न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला त्याच परंपरेतल्या एका बिशपकडे राहिले, आणि शेवटी मिझुरीतल्या कार्थेज गावी व्हिएतनामी निर्वासितांच्या धर्मसंघात पोचले. तिथे जुलै १९८४ मध्ये त्यांच्या सहीचं निवेदन निघालं: चूक झाली, क्षमा असावी. १३ डिसेंबर १९८४ रोजी ते वारले, रोमशी समेट करून. आपल्याच माणसांत, आपल्याच भाषेत. त्यांचे भाचे न्गुयेन व्हान थुआन यांचं आयुष्य याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे: तेही बिशप, कम्युनिस्टांच्या तुरुंगात तेरा वर्षं, पुढे कार्डिनल, आणि आज संतपदाच्या वाटेवर.

आज ही साखळी चालते कशी?

म्हाताऱ्याने क्षमा मागितली, पण विरजण घरोघर गेलं होतं. कार्मोनांनी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या मार्क पिव्हारुनास यांना बिशप केलं. पिव्हारुनास यांनी १९९३ मध्ये ओहायोच्या डॅनियल डोलन यांना. डोलन २०२२ मध्ये वारले. अशा बिशपचं रोजचं काम तुम्हाला वाटतं तितकं गूढ नाही. जुन्या लॅटिन विधीने मिस्सा, मुलांचं दृढीकरण, छोट्या सेमिनरीतल्या (फादर घडवणाऱ्या शाळेतल्या) पाच-दहा मुलांना दीक्षा, पवित्र आठवड्यात तेलावर आशीर्वाद, आणि दूरदूरच्या छोट्या प्रार्थनागृहांचा प्रवास. त्यांच्याकडे येणारी कुटुंबं बहुधा मोठी, गंभीर, धर्म घट्ट धरून बसलेली. त्यांना ढोंगी म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं होईल.

पण घरात शांतता नाही. ‘थुक यांच्या हातची दीक्षा खरी का?’ हा प्रश्न रोमपेक्षा परंपरावाद्यांनीच जास्त चघळलाय. म्हातारपणी आर्चबिशपांचं भान शाबूत होतं का, हेतू पक्का होता का, यावर त्यांच्यात गट पडले. अमेरिकेतल्या एका गटाने थुक-साखळी टाळायची म्हणून पोर्तो रिकोतल्या एका निवृत्त बिशपकडून वेगळी दीक्षा मिळवली. शंका असेल तर ‘आधीची लागली नसेल तर ही लागो’ अशा अटीने दुसऱ्यांदा विधी करून घेण्याचीही सोय आहे, आणि काही जण ती वापरतात.

‘थुक यांना पोपची आधीच परवानगी होती ना?’

समर्थक १९३८ चा एक कागद दाखवतात: पोप अकरावे पायस यांनी थुक यांना खास अधिकार दिले होते, असा. पण पुढच्या पोपांनी घातलेली १९५१ ची शिक्षा अशा जुन्या कागदाने रद्द होत नाही. शिवाय परवानगी होती तर १९७६ मध्ये क्षमा कशाची मागितली, याचं उत्तर समर्थकांकडून मिळत नाही.

‘मग लफेव्र आणि हे एकच ना?’

नाही. फ्रेंच आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनीही ३० जून १९८८ रोजी स्वित्झर्लंडच्या एकोन इथे परवानगीविना चार बिशप केले आणि बहिष्कृत झाले. पण पोप हा पोपच आहे असं ते मानत, मिस्सेत त्याचं नाव घेत. त्यांचं भांडण ‘तुमचं चुकतंय’ असं होतं, ‘तुम्ही नाहीच’ असं नव्हे. म्हणून तिथे बोलणी होऊ शकली. २००९ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्या चौघांवरचा बहिष्कार उठवला. आसनच रिकामं मानणाऱ्याशी बोलायचं कुणी?

‘चीनमध्ये सरकारी बिशप चालतात, मग यांनाच का नाही?’

हा आक्षेप बिनतोड नसला तरी बोचरा आहे. २०१८ मध्ये व्हॅटिकनने चीनशी करार केला आणि परवानगीविना नेमलेल्या बिशपांना माफ करून मान्यता दिली. रोमचं तर्कशास्त्र असं, की त्या बिशपांनी स्वतः समेट मागितला, आणि त्यांच्यामागे खरेखुरे धर्मप्रांत, लाखो माणसं होती. परंपरावादी म्हणतात, की सरकारला झुकणाऱ्याला माफी आणि जुन्या मिस्सेला चिकटणाऱ्याला बडगा. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लॅटिन मिस्सेवर कडक बंधनं आणल्यापासून ही तक्रार आणखी तीव्र झालीय.

‘आपल्याकडे असं कधी घडलं?’

घडलं, आणि थुक यांच्या जन्माच्याही आधी. गोव्यातल्या वेर्णा गावचे फादर आंतोनियो आल्वारिस. पोर्तुगाल आणि रोम यांच्यात भारतातल्या चर्चच्या ताब्यावरून शतकभर ओढाताण चालली होती. १८८६ च्या तहाने बऱ्याच जागा पोर्तुगालच्या हातून गेल्या. आल्वारिस यांनी पोर्तुगालची बाजू धरून वर्तमानपत्रांतून तोफ डागली आणि शेवटी रोमची वाट सोडली. १८८९ मध्ये केरळच्या सिरियन ऑर्थोडॉक्स बिशपांनी त्यांना मार ज्युलियस या नावाने बिशप केलं. परंपरावादी म्हणता येणार नाही त्यांना. पण साखळीची किमया तीच. १८९२ मध्ये कोलंबोत त्यांनी रेने व्हिलात या फ्रेंच-अमेरिकन धर्मगुरूला बिशप केलं, आणि युरोप-अमेरिकेतले कितीतरी स्वतंत्र बिशप आजही आपली वंशावळ व्हिलातमार्गे त्या गोंयकारापर्यंत नेतात.

‘संस्कार वैध असतील तर जायला हरकत काय?’

इथे विरजणाचा दाखला थांबतो. सगळे संस्कार केवळ दीक्षेच्या जोरावर चालत नाहीत. पापनिवेदन ऐकून क्षमा द्यायला आणि कॅथलिकांचं लग्न लावायला धर्मगुरूकडे अधिकारही लागतो, आणि तो रोमशी जोडलेल्या बिशपकडूनच येतो. तो नसेल तर मरणाची घटका सोडून दिलेली क्षमा बेकायदाच नव्हे, अवैध. लग्नही अवैध. रिक्तासनवादी म्हणतात, की आणीबाणीत ख्रिस्तसभाच तो अधिकार पुरवते. रोमला ते मान्य नाही.

याचमुळे पोप फ्रान्सिस यांनी लफेव्र यांच्या संघाच्या फादरांना २०१५ मध्ये पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार दिला, २०१६ मध्ये तो कायम केला, आणि २०१७ मध्ये त्यांच्याकडच्या लग्नांसाठीही वाट काढली. थुक-साखळीतल्या फादरांना अशी सवलत नाही. दोन कॅथलिकांनी अशा प्रार्थनागृहात लग्न लावलं आणि पुढे ते आपल्या पॅरिशमध्ये परतले, तर तिथले फादर पहिलं काम हेच सांगतील: लग्न पुन्हा रीतसर लावून घ्या.